डोळ्यात भरायचे तेल : त्याची पारख कोण करते?

पंढरीच्या वाटेवर नातेपुते हे मुक्कामाचे गाव आहे. आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण व बरड मागे टाकून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत येते आणि नातेपुत्यास विसावते. एरवी हे माळशिरस तालुक्यातील, ऊस पिकविणाऱ्या मुलखातील बाजाराचे गाव. पुणे काय किंवा सोलापूर काय, दोन्ही शहरे येथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. डोळ्यांच्या काही विकारांत हे अंतर फार मोठे ठरते.

समजा, या परिसरातील एका प्राथमिक शिक्षकांना लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा आहे. एके दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे विजेसारखे काही चमकून जाते. मागोमाग काजळीचे कण उडावेत तसे काळे ठिपके तरंगू लागतात. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. 'उष्णता झाली असेल,' असे कोणी म्हणतो; दुसरा गुलाबपाणी घालावयास सांगतो. चौथ्या दिवशी नजरेच्या एका कोपऱ्यातून काळा पडदा पुढे सरकू लागतो. पुण्यास पोहोचल्यावर नेत्रतज्ज्ञ सांगतात, "डोळ्याचा पडदा सुटला आहे. शस्त्रक्रिया करून आत तेल भरावे लागेल." घरच्या मंडळींच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो : डोळ्यात तेल? हे कसले तेल? आणि ते निर्धोक आहे हे कोणी पाहिले?

प्रश्न साधा आहे, तसाच रास्तही आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेपासून सुरू होते आणि थेट रुग्णाच्या घरापर्यंत येऊन पोहोचते. ते समजून घेणे शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

पोकळी का भरावी लागते?

डोळ्याच्या गोळ्याचा सुमारे चार-पंचमांश भाग एका पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारख्या चिकट पदार्थाने भरलेला असतो. त्यास काचाभ द्रव म्हणतात. ('काचबिंदू' या रोगाशी या नावाचा संबंध नाही.) प्रौढ माणसाच्या डोळ्यात हा द्रव सुमारे ४ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी असतो. त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या भागात कोलाजेन नावाचे अतिसूक्ष्म तंतू व हायलुरॉनिक आम्ल असते. या एवढ्याशा सामग्रीने निसर्गाने असा पदार्थ घडविला आहे की, तो प्रकाश अडवीत नाही आणि डोळ्याचा आकार आतून सांभाळतो.

डोळ्याच्या आतील भिंतीस दृष्टिपटलाचे नाजूक अस्तर असते. यालाच आपण बोलण्यात 'डोळ्याचा पडदा' म्हणतो. वय वाढते तसा काचाभ द्रव पातळ होतो व आकसतो. आकसताना त्याने दृष्टिपटलास ओढ दिली तर एखाद्या ठिकाणी ते फाटते. त्या छिद्रातून पाणी मागे शिरते आणि भिंतीच्या गिलाव्यामागे ओल शिरली की जसा पापुद्रा सुटतो, तसे दृष्टिपटल भिंतीपासून सुटू लागते. सुटलेल्या भागास पोषण कमी पडते व तेथील पेशी मरू लागतात. जाड भिंगांचा चष्मा असणारे, डोळ्यास मार लागलेले आणि पूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले यांच्यात हा धोका अधिक असतो. जुन्या मधुमेहात डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो व जाळीसारखे पापुद्रे तयार होऊन तेही पडदा ओढून काढतात.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुटलेला पडदा म्हणजे बहुधा कायमचे अंधत्व, अशी स्थिती होती. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रवैद्य ज्यूल गोनँ यांनी १९२०च्या सुमारास दाखवून दिले की, छिद्र शोधून ते बंद केले तर पडदा पुन्हा जागेवर बसतो. त्यानंतरचे मोठे पाऊल १९७० साली पडले. अमेरिकेतील मायामी येथे रॉबर्ट माखेमर यांनी बुबुळाच्या कडेने सूक्ष्म उपकरण आत घालून गढूळ किंवा ओढ देणारा काचाभ द्रवच कापून बाहेर काढण्याची पद्धत विकसित केली.

परंतु एकदा काढलेला काचाभ द्रव पुन्हा तयार होत नाही. मोकळ्या जागेत शरीरातील पाणी हळूहळू साठते. मात्र पाणी पडद्याला भिंतीशी दाबून धरू शकत नाही. लेसर किरणांनी किंवा अतिशीत उपचाराने छिद्राभोवती पक्का व्रण धरेपर्यंत काही आठवडे आतून टेकू द्यावा लागतो. हा टेकू म्हणजेच काचाभ द्रवाचा पर्याय.

चार प्रकारचे टेकू

पहिला टेकू साध्या हवेचा. तिचा प्रयोग १९११ सालीच झाला होता. निर्जंतुक केलेली हवा डोळ्यात काही दिवस टिकते व विरून जाते.

दुसरा टेकू जड वायूंचा. सल्फर हेक्साफ्लुओराइड हा वायू सुमारे दोन आठवडे, तर परफ्लुओरोप्रोपेन हा सहा ते आठ आठवडे डोळ्यात राहतो. रक्तातील वायू शोषून घेऊन ते प्रसरण पावतात. निर्भेळ स्वरूपातील पहिला वायू मूळ आकारमानाच्या सुमारे दुप्पट, तर दुसरा सुमारे चौपट होतो. म्हणून मोठी पोकळी भरताना ते हवेत मिसळून योग्य प्रमाणात वापरावे लागतात.

तिसरा टेकू परफ्लुओरोकार्बन द्रवांचा. पाण्याच्या पावणेदोन पट किंवा त्याहूनही जड असलेला हा द्रव शस्त्रक्रिया चालू असताना पडद्यावर सोडला की आपल्या वजनाने पडदा सपाट करतो. काम होताच तो सामान्यतः काढून घेतात.

चौथा टेकू सिलिकोन तेलाचा. १९६२ साली पॉल सिबिस यांनी पडद्याच्या शस्त्रक्रियेत ते वापरले. हे तेल खाण्याचे नव्हे, वनस्पतींपासून काढलेलेही नव्हे. सिलिकॉन व प्राणवायू यांच्या साखळीपासून बनविलेला हा कृत्रिम, पारदर्शक व चिकट पदार्थ आहे. तो पाण्याहून किंचित हलका असल्याने वर तरंगतो. अवघड रुग्णांत तो बहुधा तीन ते सहा महिने ठेवून पुन्हा शस्त्रक्रियेने काढला जातो.

यांपैकी एकही द्रव्य मूळ काचाभ द्रवाची बरोबरी करीत नाही. तेल राहिले असता मोतीबिंदू वाढतो. पाण्यात तेल घुसळल्यावर होतात तसे त्याचे बारीक थेंब झाले तर पाणी निघून जाण्याचे सूक्ष्म मार्ग तुंबून डोळ्यातील दाब वाढतो व काचबिंदूचा धोका निर्माण होतो. म्हणजे येथे निवड पूर्ण निर्धोक आणि धोकादायक यांच्यामधील नसते. उपचार न केल्यास होणारे अंधत्व आणि आवरता येण्याजोगा धोका यांच्यामधील असते. हा धोका आवरता येण्याजोगा आहे, हे सिद्ध करण्याचे काम चाचण्यांचे.

पारखीच्या पायऱ्या

पहिली पायरी रासायनिक शुद्धतेची. सिलिकोन तेलात लांब साखळ्यांबरोबर लहान साखळ्यांचे रेणू उरले, तर तेलाचे थेंब लवकर होतात व ऊतींना इजा पोहोचते. तेल तयार करताना वापरलेल्या उत्प्रेरकाचे अवशेषही निघून जाणे आवश्यक असते. परफ्लुओरोकार्बन द्रवांत हायड्रोजनच्या सर्व अणूंची जागा फ्लुओरीनने घेतलेली असावी लागते. काही जागा तशाच राहिल्या तर अर्धवट बनलेले, क्रियाशील व विषारी रेणू मागे राहतात. नुसत्या डोळ्यांनी पाहता शुद्ध व अशुद्ध द्रव सारखेच नितळ दिसतात.

दुसरी पायरी निर्जंतुकतेची. जंतू मारले म्हणजे काम संपले, असे होत नाही. मेलेल्या काही जंतूंच्या आवरणातील विषारी अंश मागे राहून डोळ्यात तीव्र दाह निर्माण करू शकतात. म्हणून त्यांची वेगळी चाचणी घ्यावी लागते.

तिसरी पायरी जिवंत पेशींची. काचपात्रात वाढविलेल्या पेशींना ते द्रव्य लावून किती पेशी जगतात हे पाहिले जाते. चौथी पायरी प्राण्यांची. येथे बहुधा सशाचा डोळा वापरतात. द्रव्य आत ठेवून दाब मोजतात, प्रकाश पडल्यावर दृष्टिपटलात उमटणाऱ्या विद्युत्‌लहरींची नोंद घेतात व अखेर ऊतींचे सूक्ष्म छेद तपासतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यान्वये आपल्या देशात अशा प्रयोगांवर देखरेख असते. परंतु सशाच्या दृष्टिपटलाच्या बहुतेक भागात रक्तवाहिन्या नसतात, माणसाच्या असतात. त्यामुळे सशाने दिलेला निर्वाळा माणसाच्या बाबतीत अखेरचा मानता येत नाही.

पाचवी पायरी माणसांवरील चाचणीची. रुग्णास पूर्ण माहिती देऊन, त्याची संमती घेऊन व नीतिसमितीच्या मान्यतेने ती होते. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अवघड रुग्णांपैकी काहींना तेल व काहींना वायू देऊन तुलना करण्यात आली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तेल हे सल्फर हेक्साफ्लुओराइडपेक्षा सरस व परफ्लुओरोप्रोपेनच्या जवळपास बरोबरीचे ठरले. त्यानंतर १९९४ साली तेथील नियामक यंत्रणेने सिलिकोन तेलास मान्यता दिली. पहिल्या वापरापासून या मान्यतेपर्यंत तीन दशके लोटली होती.

प्रमाणपत्र होते, दृष्टी गेली

एवढ्या पायऱ्या असताना चूक होणार नाही, असे कोणासही वाटेल. २०१५ साली स्पेनमध्ये मात्र वेगळेच घडले. पडद्याच्या शस्त्रक्रिया नेहमीप्रमाणे पार पडल्या. पण त्यानंतर निरनिराळ्या रुग्णालयांतील रुग्णांच्या डोळ्यांत रक्तवाहिन्या बंद पडल्याचे, दृष्टिपटल व दृष्टिचेता मृतवत झाल्याचे दिसू लागले. शंभराहून अधिक रुग्णांस ही बाधा झाली. सर्वांमध्ये एक धागा समान होता : शस्त्रक्रियेत वापरलेला एकाच बनावटीचा परफ्लुओरोऑक्टेन हा जड द्रव. तो डोळ्यात अल्पकाळच राहिला होता. त्यास युरोपात विक्रीची रीतसर परवानगी होती आणि पेशींवरील चाचणीत तो निर्धोक ठरलेला होता.

मग चाचणीत काय चुकले? त्या चाचणीत द्रव पेशींवर प्रत्यक्ष ठेवण्यात आला नव्हता. द्रव्याचा अर्क काढून तो पेशींस लावण्याची रूढ पद्धत वापरली गेली होती. परंतु परफ्लुओरोऑक्टेन पाण्यात विरघळत नाही व चटकन उडून जातो. त्यातील विषारी अंशही अर्कात पुरेसे उतरले नाहीत. पेशी जिवंत राहिल्या आणि द्रवास निर्दोषत्वाचा दाखला मिळाला. पुढे स्पेनमधील वायादोलिद येथील संशोधकांनी दृष्टिपटलाच्या पेशींवर तो द्रव थेट ठेवून व तो उडून जाणार नाही अशी व्यवस्था करून चाचणी घेतली, तेव्हा सदोष द्रवाच्या संपर्कात पेशी मेल्या. डोळ्यात भरावयाच्या द्रव्यांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०२० साली निघाली.

या प्रकरणाचे तात्पर्य प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वस्तू ज्या रीतीने वापरली जाणार आहे, त्याच रीतीने ती तपासली गेली पाहिजे. चाचणीचा कागद हाती असणे ही एक गोष्ट. ती चाचणी योग्य असणे ही दुसरी. दुसरीची खात्री नसेल तर पहिलीने केवळ मनाचे समाधान होते.

काही दोष तर वर्षानुवर्षे दडून राहतात. पडदा सुटल्यावर डोळ्यास बाहेरून बसविण्यासाठी १९८०च्या दशकात जलशोषक पदार्थाचा एक मऊ पट्टा प्रचारात आला. सुरुवातीस तो उत्तम वाटला. पुढे अनेक वर्षांनी काही रुग्णांत तो पाणी शोषून फुगला, ठिसूळ झाला आणि काढून टाकणेही जिकिरीचे झाले. कमी मुदतीच्या चाचणीत असा दोष सापडणे कठीण. म्हणून बाजारात आल्यानंतरची पाहणी ही पारखीची सहावी आणि कधीच न संपणारी पायरी होय.

महाराष्ट्राने सोसलेला अनुभव

या बाबतीत महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही कटू आहे. १९८६ सालच्या आरंभी मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या १४ रुग्णांना प्राण गमवावे लागले. मेंदूतील किंवा डोळ्यातील वाढलेला दाब उतरविण्यासाठी वापरले जाणारे हे जुने व परिचित औषध. पण त्या पुरवठ्यात डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. शासनाने न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने खरेदी, तपासणी व देखरेख या प्रत्येक टप्प्यावरील दोष परखडपणे मांडले. औषध निवडताना चूक झाली नव्हती. आलेला माल तोच आहे काय, हे पाहण्यात झाली होती. डोळ्यात भरावयाच्या तेलासही हाच न्याय लागू होतो. एका खेपेची परीक्षा दुसऱ्या खेपेस पुरत नाही.

कायद्याची चौकट त्यानंतर पुष्कळ विस्तारली आहे. केंद्र शासनाचे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले व त्यांत उपकरणांची धोक्यानुसार चार वर्गांत विभागणी करण्यात आली. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. अशा वस्तूंमुळे झालेल्या अपायांची नोंद घेण्यासाठी गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाने ६ जुलै २०१५ रोजी देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. आपल्या देशातही आता सिलिकोन तेलाचे उत्पादन होते. मदुराईची ऑरोलॅब ही संस्था ते तयार करते. परवडणाऱ्या किमतीस तेल मिळणे जितके गरजेचे, तितकेच प्रत्येक कुपीवर खेप क्रमांक व मुदत असणे आणि त्यांची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत होणे गरजेचे आहे. स्पेनमधील समान धागा सापडला तो अशा नोंदींमुळेच.

गावपातळीवर काय करता येईल?

प्रयोगशाळेतील यंत्रे नातेपुत्यास नाहीत, म्हणून या साखळीत गावाला काही काम नाही, असे समजण्याचे कारण नाही. शेवटचे दुवे गावातच असतात.

पहिले काम वेळेचे. डोळ्यापुढे अचानक चमक, ठिपक्यांचा वर्षाव किंवा पडद्यासारखी काळी छाया दिसली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. दृष्टिपटलाचा मध्यभाग सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची शक्यता अधिक असते. मधुमेहाच्या रुग्णांनी नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करून घ्यावी. शाळेतील पालकसभा व ग्रामसभा ही हे सांगण्याची उत्तम ठिकाणे होत. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो काय, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते.

दुसरे काम कागदाचे. घरी परतताना मिळणाऱ्या पत्रावर डोळ्यात काय भरले आहे, त्याचा खेप क्रमांक कोणता व तेल असल्यास ते कधी काढावयाचे आहे, एवढे लिहून घ्यावे. हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे.

तिसरे काम पथ्याचे. वायू भरलेल्या रुग्णास काही दिवस पालथे झोपावे किंवा मान खाली घालून बसावे लागते. हलका वायू वर चढून पडद्यास दाब देतो, म्हणून हे आसन. वायू विरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण वर्ज्य असतो, कारण उंचीवर बाहेरचा दाब कमी होताच वायू फुगून डोळ्यातील दाब धोकादायक रीतीने वाढतो. पुण्याहून दिवे घाट चढून गावी परतावयाचे असेल, तर कोणत्या मार्गाने व केव्हा जावे हे आधी डॉक्टरांस विचारावे. याच काळात दुसरी एखादी शस्त्रक्रिया करावी लागली, तर डोळ्यात वायू आहे हे भूलतज्ज्ञास सांगणे अत्यावश्यक आहे. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड डोळ्यातील वायूत शिरून तो फुगवतो.

चौथे काम परत जाण्याचे. तेल भरल्यावर पडदा जागेवर बसतो, दुखणे थांबते आणि रुग्णास आपण बरे झालो असे वाटते. मग ऊसतोडीचा हंगाम येतो, मुलीचे लग्न निघते, आणि तेल काढण्याची तारीख मागे पडते. कित्येकदा पुन्हा पुण्यास जाण्याच्या खर्चाचीच अडचण असते. तेल मात्र आत आपले काम करीत राहते. दाब वाढतो आणि वाचलेली नजर हळूहळू गमावली जाते. काही मोजक्या रुग्णांत तेल अधिक काळ ठेवावे लागते, परंतु तो निर्णय तज्ज्ञाचा. गावातील आशा कार्यकर्तीच्या वहीत अशा रुग्णाचे नाव व तारीख असली आणि ग्रामपंचायतीने प्रवासाची सोय लावून दिली, तर एक डोळा वाचेल.

पाचवे काम कळविण्याचे. शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदना, अचानक अंधारी किंवा डोळा लाल होणे असे घडल्यास तत्काळ रुग्णालयात परतावे. एखाद्या द्रव्यामुळे अपाय झाल्याची शंका असेल तर डॉक्टरांनी ती वर सांगितलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमास कळविणे हे त्यांचे कर्तव्य आहे. स्पेनमध्येही द्रव सदोष असल्याचे आधी सुचविले ते प्रयोगशाळेने नव्हे. आपल्या रुग्णांना दिसेनासे का झाले, याचा पाठपुरावा करणाऱ्या शल्यचिकित्सकांनी ते पुढे आणले.

काचाभ द्रवाच्या अधिक जवळ जाणारे, पाणी धरून ठेवणारे नवे कृत्रिम पदार्थ शोधण्याचे काम जगभर चालू आहे. ते डोळ्यात भरले जाण्यापूर्वी त्यांनाही या सर्व पायऱ्या चढाव्या लागतील आणि त्यात घाई करून चालणार नाही.

आरंभीच्या त्या शिक्षकांच्या घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. हे तेल रसायनशास्त्रज्ञाने, पेशी वाढविणाऱ्याने, नियामक अधिकाऱ्याने व शल्यचिकित्सकाने तपासलेले असते. आणि त्यांपैकी कोणाचीही नजर चुकू शकते, म्हणून रुग्णाने, त्याच्या कुटुंबाने व गावानेही ते तपासावयाचे असते. काळजीने पहारा करण्यास मराठीत 'डोळ्यात तेल घालून' हा शब्दप्रयोग पूर्वापार चालत आला आहे. ज्यांच्या डोळ्यात खरोखरच तेल घातले आहे, त्यांच्यासाठी तसा पहारा करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.